सुशीलची मारी

सुशील भांडी विसळताना गुणगुणायचा, "मारी मारी, मारी मारी." ऐकून विनिताच्या कपाळाला आठी पडायची. मारी म्हटलं की माणसाला चहाबरोबरचं बिस्किट आठवावं. पण इथे सातासमुद्रापार, पापाकुऱ्यात, त्यांच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत मारी नावाची बाईच होती, आणि सुशीलच्या हातात दूध देताना ती "स्वीट अ‍ॅज", म्हणजे आपलं 'झकास', म्हणत उगाच हसायची!

"दर शनिवारी कुठे जातोस रे?"

"हॉलवर. विरेमूकडे गाणं शिकतो."

गाणं म्हणे! गणपतीची आरतीसुद्धा बेसूर म्हणणारा हा बाबा! पाणी कुठेतरी मुरत होतं. पंचवीस वर्षांचा संसार हातचा जातो की काय!

शनिवारी दुपारी ती त्याच्या मागोमाग हॉलवर गेलीच. दाराशी म्हातारा विरेमू चहा ओतत होता.

"किया ओरा! सुशीलची बायको ना? बस."

"मारी कुठेय?" तिनं सरळच विचारलं.

म्हातारा खो खो हसला. साठ वर्षांपूर्वी त्याच्या चौकडीचं एक गाणं घरोघरी वाजलं होतं. एक जण शब्द गायचा, मागचे तिघं नुसते डू-वॉप, शू-वॉप.

"माझ्या किरीचा बाप मला दारात उभं करत नव्हता," तो म्हणाला. "मग मी मागे तिचं नाव उलटं गायलो. रीकी, रीकी! बाप रेडिओ लावून त्यावर ठेका धरायचा, त्याला पत्ताच नाही! तेव्हापासून इथे रीतच आहे. ज्याची जी असेल, तिचं नाव उलटं गायचं."

आत गाणं सुरू झालं. मारीमारीमारीमा... रीमा. रीमा!

मरा मरा म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी राम आला, ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती, आणि स्वतःचंच माहेरचं नाव ऐकू येऊ नये? थोरली जाऊही रीमाच, म्हणून लग्नात सुशीलनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'विनिता' लिहिलं होतं. ती भर मांडवात रडली होती. आईवडील गेले, मग रीमा म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

गाणं संपलं. सुशील तिला बघून गडबडला. "अगं, तू इथे? काय झालं?"

"काही नाही. मेला माझा संशय," ती डोळे पुसत म्हणाली. "हाक मार ना. सुलटी."

घरातली वडीलधारी बसलीयत की काय, तसं त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"रीमा," तो हळूच म्हणाला.

कित्येक वर्षांनी तिनं त्या नावाला ओ दिली.