बातमीवरचं नाव

दादाच्या उजव्या हाताचं प्लास्टर काल निघालं. बोटं अजून नीट वळत नाहीत. मी ठकीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले होते, आणि जे सांगायला गेले होते ते सात आठवड्यांपासून मनातच राहिलेलं.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. आमच्या छोट्या दैनिकाचा बातमीदार. अंगाने काडी, म्हणून ऑफिसात सगळे 'पेन्सिल' म्हणतात. मी कॉम्प्युटरवर पेपरची पानं लावते. ठकी झाल्यापासून घरूनच, ती झोपली की.

त्या संध्याकाळी त्याची बातमी आली. शाळेचं छत कोसळलं होतं; ते बांधलं पंचायत समितीच्या सभापतींच्या मेहुण्याने, आणि काम कच्चं असल्याचा अहवाल दाबून ठेवला खुद्द सभापतींनी. सगळं कागदपत्रांसकट. पान छपाईला सोडायला वीस मिनिटं उरलेली. ठकीला दात येत होते, तिने रडून घर डोक्यावर घेतलेलं. तेवढ्यात संपादकांचा फोन.

"पहिल्या पानावर घे. आणि हे बघ, पेन्सिलचं नाव गाळ."

मी ऐकलं, 'नाव घाल'.

"घालते," मी म्हणाले. त्या रडारडीत त्यांना ऐकू गेलं, 'गाळते'.

खरं सांगते, मला आनंद झाला. दादा बातमीवर नाव लिहून पाठवायचा, पण छापताना नेहमी 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच यायचं. म्हटलं, चला, सोळा वर्षांनी का होईना! नाव ठळक केलं, वर अक्षरही जरा मोठं घेतलं.

त्याच दुपारी दोन माणसं ऑफिसात येऊन गेली होती. बसली, गोड हसली आणि म्हणाली, "सभापतींच्या मागे लागलाय तो तुमच्यातला कोण हो?" कुणी ताकास तूर लागू दिली नाही. ऑफिसच्या ग्रुपवर सगळं आलं होतं. माझे एकेचाळीस मेसेज वाचायचे राहिलेले. मी दुधाच्या बाटल्या उकळत होते.

तिसऱ्या दिवशी दोघांनी दादाला ऑफिसच्या जिन्याखाली गाठलं. इतर ठिकाणी कमी मारलं. उजवा हात मात्र पायरीवर ठेवून ठेचला. "आता लिही," म्हणाले.

संपादकांनी मला एकदाच विचारलं, "गाळ म्हटलं होतं ना?" मग म्हणाले, "चूक पेपरची. तू कुठे बोलू नकोस." आणि मी नाही बोलले. न बोलायला कुणीतरी सांगितलं की किती हलकं वाटतं!

काल वहिनी आतल्या खोलीत इस्त्री करत होती. तिथूनच म्हणाली, "तुमच्या पेन्सिलला टोक काढायलाही मीच लागते आता. केससुद्धा मी विंचरते साहेबांचे!"

"आहेत कुठे केस?" दादा म्हणाला, आणि ठकी उगाचच खिदळली.

मग मी आवाज खाली आणला आणि सांगून टाकलं. फोन, रडणं, गाळ, घाल. सगळं.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं,

"म्हणजे संपादकांनी घाल म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"अगं, सभापतींची माणसं दोनदा हॉस्पिटलात आली. तक्रार मागे घे म्हणून." तो डाव्या हाताने उजवी बोटं चोळू लागला. "मी हाकलून दिली. म्हटलं, पेपर माझं नाव छापून उभा राहिला, आता मी कसा मागे फिरू?"

माफी मागून मन मोकळं करायला गेले, आणि ज्याच्या आधारावर तो उभा होता तेच काढून घेतलं.

"दादा, सोमवारी मी येते तुझ्याबरोबर," कशीबशी म्हणाले. सोमवारी त्याचा न्यायाधीशांपुढे जबाब आहे. मारणाऱ्या दोघांतल्या एकाला त्याने ओळखलंय.

ठकीने त्याचं बोट धरलं होतं, ते त्याने सोडवलं नाही.

"अहो, सोमवारी कोर्टात पांढरा घालताय की निळा?" आतून वहिनी.

"बघू," तो म्हणाला.

"कुठला ते बघू?"

"जायचं की नाही ते."

इस्त्रीचा आवाज थांबला. वहिनी दारात आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.