अभिप्राय बंद आहेत

चोक्कलिंगमनी सिमेंटच्या बाकावरची कडुनिंबाची पानं हाताने झाडली, बाक रुमालाने पुसला आणि सुंडलचा डबा मधोमध ठेवला. हरभरे आदल्या दिवशी भिजत घातले होते. सकाळी खोबरं खवताना अंगठा सोलवटला होता, तो अजून चुरचुरत होता. डबा मोठा होता. एवढ्या सुंडलला माणसं किती लागतील, याचा विचार त्यांनी मुद्दामच केला नव्हता.

एके काळी गांधी संग्रहालयाच्या आवारातल्या याच झाडाखाली ब्लॉगवाल्यांचा मेळा जमायचा. कुणी विरुदुनगरहून बस धरून यायचं, कुणी दिंडिगलहून. एकमेकांना टोपणनावांनी हाका मारायचे आणि कादंबऱ्यांवरून भांडायचे. एकदा सिनेमाच्या गाण्यातल्या बासरीच्या एका तुकड्यावरून इतकं पेटलं, की रखवालदार काठी घेऊन धावत आला होता. पुढे एकेक जण फेसबुकवर गेला. एकाने यूट्यूबवर मटणाच्या पाककृती दाखवायला घेतल्या आणि त्याचं बरं चाललं. चोक्कलिंगम मात्र दर गुरुवारी 'चार वाजताची कॉफी' या आपल्या ब्लॉगवर लिहीत राहिले. वाचलेल्या पुस्तकावर, रेडिओवर ऐकलेल्या मैफलीवर, टीव्हीवरच्या एखाद्या अचाट प्रसंगावर. देवळातला दिवा कुणी बघो न बघो, पुजारी लावतोच, तसं.

पण परवाच्या गुरुवारी त्यांनी शेवटी दोन ओळी घातल्या होत्या: 'शनिवारी दुपारी चारला, नेहमीच्या झाडाखाली. कुणीच आलं नाही, तर हे दुकान बंद.'

पाच वाजून गेले. शाळेच्या सहलीतली पोरं ओळीने निघून गेली. चोक्कलिंगमनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं.

मग फाटकातून एक उंच, वाळलेला माणूस आत आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात मिटलेली छत्री. तो थोड्या अंतरावर उभा राहून एक पाटी बराच वेळ वाचत राहिला. पाटीवर 'फुले तोडू नयेत' एवढंच होतं. अखेर तो आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"इथं ते कॉफीवाल्यांचं काहीतरी आहे म्हणे?"

"आहे. म्हणजे, मीच आहे."

"आणि बाकीचे?"

"येतील."

त्या माणसाने डब्याकडे पाहिलं. "निदान सुंडलसाठी तरी यायला हवे होते."

चोक्कलिंगम हसले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं हसू. "तुमचं नाव, सार?"

"नावाचं काय घेऊन बसलात! तिरुनगरला असतो. वीज मंडळात होतो, आता घरी असतो. वाचतो तुमचं."

"कधी अभिप्राय लिहिलात?"

"छे. लिहिणं आपल्याला जमत नाही."

वाचतो म्हणाला, ते मात्र खरं होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका लेखात चोक्कलिंगमनी एका कादंबरीचा शेवट चुकीचा सांगितला होता, ते त्याला आठवत होतं. दूरदर्शनवर पूर्वी शुक्रवारी लागणाऱ्या गाण्यांवरचा लेख त्याला आवडला होता, पण त्यात विशेषणं फार होती म्हणाला. चोक्कलिंगम बाकावर सरकून जवळ बसले. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांच्या विशेषणांबद्दल बोलत होतं.

पलीकडच्या मंगल कार्यालयातून नादस्वरम ऐकू येऊ लागलं. चोक्कलिंगमनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! कल्याणी राग."

"कल्याणी?" माणूस उसळलाच. "निषाद ऐका की जरा! वाचस्पती आहे हा. कान साबण लावून धुऊन या, सार!"

चोक्कलिंगमनी डोळे उघडले. ते त्या माणसाकडे नाही, समोरच्या हिरवळीकडे बघत राहिले.

कान साबण लावून धुऊन या. ही ओळ त्यांनी किती वेळा वाचली होती! तिच्याखाली सही असायची 'कारलं'. लेख गुरुवारी चढला की शुक्रवारी उजाडता कारलं हजर. राग चुकला, की कान धुऊन या. पुस्तक आवडलं म्हटलं, की डोळे धुऊन या. कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. चोक्कलिंगमही काही कमी नव्हते. तेही सणसणीत उत्तर द्यायचे, आणि आपलं उत्तर दिवसभर मनाशी घोळवत हसायचे. बायको, सोर्णम, विचारायची, "आज कारल्याला फोडणी घातलीत वाटतं?"

सोर्णम गेली, तेव्हा महिन्याभराने त्यांनी तिच्यावर लिहिलं. ती रोज सातची मालिका बघायची, आपण दुसऱ्या खोलीत बसून त्याच मालिकेची ब्लॉगवर टिंगल करायचो, आणि आता सात वाजले की आपणच टीव्ही लावतो, नाहीतर घरात सात वाजल्यासारखं वाटत नाही, एवढंच. शुक्रवारी सकाळी खाली एक ओळ आली होती: 'दुःख नक्की कशाचं, बायको गेल्याचं की कालचा भाग चुकल्याचं?' सही कारल्याची.

त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं नाही. ब्लॉगची आतली बटणं शोधून काढली आणि एक दाबलं. तेव्हापासून प्रत्येक लेखाखाली एकच ओळ दिसायची: 'अभिप्राय बंद आहेत.'

नादस्वरम थांबलं. चोक्कलिंगमनी डबा उघडला, पानाचा एक द्रोण भरला. चमचा हातात धरून थोडे थांबले. मग दुसरा द्रोण भरला आणि त्याच्यापुढे केला.

माणसाने तो घेतला. खाली बघतच विचारलं, "अभिप्राय का बंद केलेत?"

"एकाने काहीतरी लिहिलं."

"लोक काय, लिहितात. त्याला वाटलं असेल, तुम्ही उत्तर द्याल. एरवी द्यायचात की झणझणीत."

"त्या वेळी सुचलं नाही."

माणूस बराच वेळ चावत राहिला. हरभरे तसे मऊ शिजले होते.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "खोबरं मात्र ताजं आहे."

सावल्या लांबल्या. आणखी कुणी आलं नाही, आणि येणार नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं. माणसाने घड्याळ पाहिलं, छत्री उचलली, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"निघतो. सातच्या आत घरी पोचायला हवं. आज देवळाचा रथ निघालाय, बस कुठून कुठून वळसा घालणार कोण जाणे."

"काही काम आहे?"

"काम असं नाही." तो चोक्कलिंगमच्या हातांकडे बघत होता. डब्याचं झाकण घाईघाईने लावताना ते तिरकं बसत होतं. "तुम्हालाही घाई दिसतेय."

"मला? थोडीशी."

दोघं फाटकापर्यंत चालत गेले. तिथे माणूस थांबला आणि छत्रीच्या टोकाने माती उकरत म्हणाला, "थोरल्या सुनेला आज कोर्टात उभं करणार आहेत."

चोक्कलिंगमनी वळून पाहिलं. "निकाल काही आज लागत नाही. शनिवारी निकाल लावत नाहीत. शनिवारी बेशुद्ध पडतात."

माणूस मोठ्याने हसला. त्या हसण्याला गंज चढलेला होता. "आणि शुद्धीवर सोमवारी!"

"तुम्ही मालिका बघता? तुम्ही तर..." चोक्कलिंगम बोलता बोलता थांबले.

"मी तर काय?"

माणसाची मान ताठ झाली होती. त्याने छत्री दोन्ही हातांनी धरली होती.

"काही नाही," चोक्कलिंगम म्हणाले. "माझं घर इथेच आहे, नरिमेडूला. चालत दहा मिनिटं. बसच्या नादी लागलात, तर सून पडून उठूनही बसेल."

घरात त्यांनी आधी टीव्ही लावला आणि मग दिवा. वेताच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती, ती उचलून त्यांनी जमिनीवर ठेवली. कॉफी घेऊन आले तेव्हा माणूस खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"बायको टोरोंटोला असते," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मुलीकडे. बाळंतपणाला म्हणून गेली. नातू आता शाळेत जातो. तीही तिकडे हीच बघते, मोबाइलवर. फोन आला की बोलायला विषय असतो."

"चांगलं आहे."

"हो. पूर्वी यायचा."

मालिका सुरू झाली. थोरली सून साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिची सासू, दीर, वकील, सगळ्यांचे चेहरे तीन तीन वेळा दाखवून झाले, मागे ढोल वाजले. चोक्कलिंगमनी सवयीने एक शेरा तोंडात आणला आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळला. सून म्हणाली, माझं या जगात कुणी नाही, आणि बेशुद्ध पडली.

जाहिराती लागल्या. सोन्याच्या दुकानात एक नवी नवरी गोल गोल फिरू लागली. खुर्चीतला माणूस तिच्याकडे टक लावून बघत होता. पेला त्याच्या हातात तिरका झाला होता. मग त्याच्या घशातून एक बारीक आवाज आला, दाबलेला, आणि पाठोपाठ दुसरा. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही.

चोक्कलिंगमनी मान वळवली नाही. हात लांब करून रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. नवरीचं गाणं घरभर झालं. त्यांनी आणखी थोडा वाढवला.