अर्ध्या ड्रमाची रेघ

"बाबा, हा ड्रम भरल्यावर उचलणार कोण?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. प्रणालीने ते अख्ख्या वाडीसमोर, देवापुढचं गाऱ्हाणं सुरू व्हायच्या बेताला, खणखणीत आवाजात विचारलं. नववीत वर्गाची मॉनिटर झाल्यापासून तिच्या जिभेला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. वाडी खोखो हसली. बाबाही हसले.

"ट्रॅक्टर उचलील गो. त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

ट्रॅक्टर बुटका, दुसऱ्याने वापरून टाकलेला, पण बाबांचा स्वतःचा. मुंबईची नोकरी सोडून ते पालीजवळच्या या घरी परतले ते त्याच्याच भरवशावर. पुढच्या लोडरमध्ये खाणीतले बांधकामाचे चिरे भरायचे आणि जिथे ट्रक शिरत नाही अशा पाणंदीतून घरोघर पोचवायचे. एवढं जमलं तर बाबा कायमचे गावात. पण चिरे भरले की ट्रॅक्टर नाक खुपसायचा आणि मागची चाकं अधांतरी व्हायची. मागे वजन हवं होतं. बाबांनी डांबराचा रिकामा ड्रम आणला, ट्रॅक्टरच्या मागच्या हातांना धरता यावा म्हणून त्यातून लोखंडी दांडा आरपार घातला आणि आत निम्म्यावर कोळशाने रेघ मारली. काँक्रीट इथवरच. जास्त झालं तर ट्रॅक्टरला झेपायचं नाही.

पण वाडीची रीत अशी की कुणाचा पाया भरो की स्लॅब पडो, घरटी एक घमेलं पडायलाच हवं. नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. वाडीतल्या वडीलधाऱ्या भागोजीबाबांनी नारळ ठेवून बाबांच्या नावाने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो भार जाग्यावर ऱ्हाऊ दे, आनि महिपतीचा पाय गावात ऱ्हाऊ दे."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली आणि घमेली सुरू झाली. काँक्रीटबरोबर शेजारच्या गोदूबाईकाकूंनी नांगराचा मोडका फाळ टाकला, कुणी फुटकं जातं, कुणी नाटे बंदरावरून आणलेल्या गंजक्या साखळ्या. रेघ बुडाली. बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. प्रणाली त्यांच्याकडे बघत होती. नुसतं 'बस' म्हणायचं होतं. ते काही त्यांना जमलं नाही आणि ड्रम काठोकाठ भरला.

काँक्रीट पक्कं झाल्यावर बाबांनी ट्रॅक्टर मागे घेतला, त्याचे मागचे हात ड्रमला अडकवले, लिफ्टचा दांडा ओढला. ड्रम तसूभर हलला नाही. उलट पुढची चाकंच वर आली, मग कुठेतरी कडकन मोडलं आणि घरासमोरच्या खळ्यात काळं तेल पसरलं. देवाने निम्मंच गाऱ्हाणं ऐकलं होतं.

छिन्नीने फोडायला गेले तर आतलं लोखंड ठिणग्या काढी. तोवर खाणवाल्याने काम दुसऱ्याला दिलं. बाबा दिवस दिवस त्या ड्रमवर बसून राहू लागले. एके सकाळी आईने त्यावर सूप ठेवून आमसुलं वाळत घातली, तेव्हा प्रणालीला कळून चुकलं की आता यातून काही व्हायचं नाही.

मग मुंबईहून अनिलकाकांचे फोन सुरू झाले. बाबांना कारखान्यात घेतील. तिघांपुरती खोली बघून ठेवलीय. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घालू. घराला कुलूप लावा आणि या. बाबा रिसीव्हर कानाला लावून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. प्रणालीला वाटलं, पुन्हा घमेली पडतायत आणि पुन्हा रेघ बुडतेय.

ती गोदूबाईकाकूंकडे जाऊन आली. बाबा ड्रमला टेकून उभे होते, आई आमसुलं उलटी करत होती. या वेळी पैज कुणी लावलेली नव्हती.

"बाबा, आई, बस झालं. तुम्ही दोघं जा, मी येणार नाही. मी काकूंकडे राहून दहावी इथंच करणार, त्यांना विचारून आलेय. आणि घराला कुलूप लावायचं नाही. रोज संध्याकाळी येऊन दिवा मी लावीन."