टाकीतलं पाणी

आप्पासाहेबांची जीप आणि आवडाबाईंचा संसार एकाच वयाचे. पोलिस ॲक्शननंतर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात आप्पासाहेबांनी ही जीप उचलली आणि त्याच उन्हाळ्यात आवडाबाईंना लग्न करून गंगापूरजवळच्या गावी आणलं. पुढं दोघींत जास्त लाड कुणाचे झाले हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता जीपही म्हातारी झाली होती आणि नवराबायकोही, पण दर दसऱ्याला शहरातल्या कर्णपुऱ्याच्या देवीला जायचं ते तिच्यातूनच.

त्या वर्षी अष्टमीला दुपारी निघाले आणि वाळूजच्या अलीकडं पेट्रोलचा वास सुटला. या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. आप्पासाहेबांचं धोतर मागून ओलं व्हायला लागलं तेव्हा कुठं त्यांनी कबूल केलं की टाकी गळतेय. आवडाबाईंनी पिशवीतला अंगाचा साबण काढला, मळून मऊ केला आणि चिरेत दाबून बसवला. तेवढ्यावर गाडी कशीबशी छावणीपर्यंत आली. छावणीत बन्सीचं गॅरेज होतं आणि त्यालाच लागून घर.

बन्सी त्यांचा एकुलता एक मुलगा. शेती सोडून तो वेल्डिंग शिकायला गेला, तेव्हापासून आप्पासाहेब त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणजे सरळ बोलत नव्हते. बापलेक समोरासमोर बसलेले असले तरी 'त्याला सांग' आणि 'आप्पांना इचार'; सगळं आवडाबाईंच्या मार्फत. पोस्टमनला निदान रविवारची सुटी असते, यांना तीही नव्हती. इतक्या वर्षांत नवऱ्यानं लेकाच्या गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं आणि आज जीपनंच त्यांना दारात आणून सोडलं होतं. आवडाबाईंनी मनातल्या मनात त्या गळक्या टाकीला हात जोडले. निघायच्या आत बाप लेकाशी एक शब्द जरी सरळ बोलला तरी देवीची ओटी भरीन, असा नवसच त्यांनी बोलून टाकला.

बन्सीनं मुकाट्यानं सीट काढली, टाकी उतरवली, उरलंसुरलं पेट्रोल डब्यात ओतून घेतलं. मग नळाची नळी लावून टाकी पाण्यानं काठोकाठ भरली आणि चीर वर येईल अशी ती दोन विटांवर मांडली.

"आई, आप्पांना सांग, आज गॅस संपलाय. उद्या खंडेनवमी, हत्यारं पूजेत. दसऱ्याला सकाळी पहिला टाका ह्याच टाकीला मारतो."

"त्याला सांग," आप्पासाहेब भिंतीकडं बघत म्हणाले, "नीट मार म्हणावं. लष्करी माल हाये."

पाणी कशाला भरलं ते बन्सीनं सांगितलं नाही. त्याच्या धंद्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. आणि आवडाबाईंनीही विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं आपल्याला ठाऊकच आहे. घागर गळायला लागली की पाणी भरून भोक शोधतात. जन्म गेला होता त्यांचा फुटकी भांडी सांधून घेण्यात.

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं नवमीला घरचं सगळं आवडाबाईंच्याच अंगावर आलं. बन्सीनं पाने, हातोड्या, वेल्डिंगचा टॉर्च धुऊनपुसून पाटावर मांडले, झेंडू वाहिला आणि तो गॅसच्या सिलिंडरची सोय बघायला गेला. आप्पासाहेब बाहेर जीपमध्ये बसून होते. टाकी नव्हती तरी बसले होते.

आवडाबाईंनी दारात सडा घातला, रांगोळी काढली. टाकीच्या बुडाच्या जुन्या सांध्यातून गंजाचं तांबडं पाणी थेंबथेंब झिरपत रांगोळीत आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. पूजेच्या दिवशी ही घाण! आणि उद्या टाका मारायचा तो ओल्या भांड्याला? बाजारातला भांडी सांधणारा तर ओलं भांडं हातात घेत नाही, जा, उन्हात वाळवून आण म्हणतो. पोराच्या ध्यानात आलं नसेल. घाईत होता बिचारा, बापापुढं बावरलेला. उद्या टाका सुटला तर बापाला बोलायला आयतं निमित्त मिळेल.

त्यांनी पदर खोचला, टाकी कलती केली आणि भडाभडा पाणी ओतून टाकलं. दिवसभर ती उन्हात ठेवली, जुन्या लुगड्यानं बाहेरून लखलखीत पुसली. संध्याकाळी परत त्याच विटांवर, चीर वर करून, होती तशी ठेवली. वर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि झाकणावर झेंडू ठेवला. फार समाधान वाटलं त्यांना.

दसऱ्याला सकाळी आप्पासाहेब आपणहून स्टूल घेऊन गॅरेजच्या दारात येऊन बसले. बन्सीनं हत्यारांना हात जोडले आणि टाकीवरचं कुंकू बघून तो हसला.

"आई, टाकीची बी पूजा केलीस व्हय!"

त्यानं वाकून टाकीला कपाळ टेकवलं. टॉर्च पेटवला. निळी ज्योत फुसफुसायला लागली. तेवढ्यात आप्पासाहेब खाकरले, नुसते नव्हे, काही बोलायचं असलं की खाकरायचे तसे. आवडाबाईंकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते लेकाकडं बघत होते. बन्सीनं मान वळवून बापाकडं पाहिलं, हात मात्र सवयीनं खाली गेला.

काय झालं ते आवडाबाईंना कळलंच नाही. कुणीतरी छातीत ढकलल्यासारखं होऊन त्या खाली बसल्या होत्या. पत्रे अजून थरथरत होते. टाकी फाटून पार रस्त्यात जाऊन पडली होती, झेंडूच्या पाकळ्या सगळीकडं. आणि बन्सी समोरच्या भिंतीशी पडलेला. भुवया जळालेल्या, दोन्ही कानांतून रक्ताची धार.

तो जिवंत होता. डोळे उघडे होते.

"पाणी," तो पुटपुटला. "पाणी व्हतं की टाकीत. आत पेट्रोलची वाफ ऱ्हाऊ नये म्हणून मी सोता भरलं व्हतं."

 कालच्या उन्हात पाणी ओतणारे आपलेच दोन हात आवडाबाईंना दिसले. मी वाळवली, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

आप्पासाहेब स्टुलावरून कोसळले होते, ते उठले, धडपडत, गुडघे फोडत लेकापाशी गेले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बन्सी! आरं बन्सी, बाळा! माझ्याकडं बघ. मी चुकलो रे. त्या जीपला काडी लावतो, पर तू बोल. माझ्यासंगं बोल!"

नवस फेडायला हवा होता. एक शब्द मागितला होता, देवीनं ओंजळ भरून दिली होती.

बन्सी बापाच्या हलणाऱ्या ओठांकडं एकटक बघत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं एका कानाला हात लावला, मग दुसऱ्या. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान आईकडं वळवली.

"आई," तो फार मोठ्यानं म्हणाला, "आप्पा काय म्हणतेत? सांग की मला."

आवडाबाईंनी सांगितलं. रडत रडत, शब्दन् शब्द सांगितला. बन्सी त्यांच्याही ओठांकडं तसाच बघत राहिला.