तिरका छाट

सलग तीन उन्हाळे द्राक्षं वेलावरच करपली, तेव्हा वाइनवाल्यांनी सांगून टाकलं, नवं वाण लावा, नाहीतर तुमचा माल तुम्हालाच लखलाभ. शेजाऱ्यांनी जुने वेल केव्हाच उपटले होते. उरले होते ते आमच्याकडेच. मी हो म्हणालो आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याशी अबोला धरला.

बाग उपटायला यंत्र यायच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या वेलांच्या शंभर काड्या कापून जुडी माझ्या हातात दिली.

“एवढी एक ओळ खिडकीसमोर लाव. वाण जगलं पाहिजे. मग घाल काय घालायचा तो गोंधळ.”

दुसऱ्या दिवशी बाग गेली. चौथ्या दिवशी अण्णांची वाचा गेली आणि उजवी बाजूही.

त्यांचा पलंग खिडकीशी ओढला आणि त्यांच्यादेखत काड्या लावल्या. आठवडाभर रोपवाटिकेतून आलेल्या नव्या वाणाच्या काड्या लावून माझा हात बसला होता. तिरक्या छाटाचं टोक मातीत, सरळ छाटाचं वर. तासाभरात ओळ पुरी केली.

अण्णा डावा हात पलंगावर आपटत होते. मग पंजा पालथा, उताणा, पुन्हा पालथा.

“कूस बदलायची असेल,” बायको म्हणाली.

आम्ही त्यांना भिंतीकडे वळवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बाग आठवली असेल,” मी म्हणालो. मोठा मनकवडा ना मी!

पुढे रोज तेच. खिडकीकडे तोंड केलं की हात सुरू, की आम्ही वळवायचो. महिन्याभरात तो हात थांबला. मला तेवढंच बरं वाटलं.

नवी बाग हिरवीगार झाली, खिडकीसमोरची ओळ मात्र ढिम्म. आज सकाळी एक काडी उपटली. मूळ नाही, आतून काळी. काडीवरच्या डोळ्यांची, म्हणजे जिथून कोंब फुटतात त्यांची, टोकं आभाळाकडे हवीत. ती सगळी जमिनीकडे होती.

अण्णा तिरका छाट वर ठेवायचे, पाणी निथळावं म्हणून. लहानपणापासून बघत आलो होतो. शंभरच्या शंभर उपटल्या. सगळ्या उलट्या, सगळ्या मेलेल्या. तेव्हा तो पालथा-उताणा होणारा पंजा आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सांगायला आत गेलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी मीच वळवलं होतं.