निम्म्यात मिटवलेलं कर्ज

बाजारात त्यांना सगळे अर्धेशेठ म्हणत. धंदा जुन्या फर्निचरचा, आणि समोरच्याने कुठलाही आकडा सांगो, यांच्या तोंडून पहिला शब्द 'अर्धे' हाच निघायचा. सांगितलेल्या भावात या माणसाने कधी साधी सुईसुद्धा घेतली नाही. लेकीला याची लाजही वाटायची आणि कौतुकही.

लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा शेठनी दुकान वाढवायला तिच्या नावावर कर्ज काढलं, कारण त्यांना स्वतःला कुठली बँक दारात उभी करत नव्हती. पुढे गोदामातल्या लाकडाला वाळवी लागली, माल मातीमोल झाला आणि हप्ते थकले. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. फोन वाजला की पोरगी दचकायची, जेवता जेवता ताटावरून उठायची. तेव्हा शेठनी वसुलीच्या साहेबाला दुकानात बोलावून चहा पाजला आणि निम्म्या रकमेत प्रकरण मिटवलं. काय मिरवला होता तो माणूस! बँकेलासुद्धा खाली आणलं, असं येईल त्याला धरून धरून ऐकवत होता. लेकीने सही केली, सुटलो बाई एकदाचे म्हणाली आणि ते कर्ज विसरून गेली. आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

बँकेत लागायचं तिच्या डोक्यात शाळेपासून होतं. दिवसा नोकरी, संध्याकाळी अभ्यास, असं करत दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा निवड झाली. आईला तर रडूच आवरेना. जुनी नोकरी सोडून मोकळी झाली, तेवढ्यात कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी तिला परत बोलावलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. पूर्ण फेडलेलं कर्ज वेगळं आणि तडजोडीत मिटवलेलं वेगळं. बँकेने अर्धे पैसे सोडले, पण ते बुडाले अशी नोंद हिच्या नावापुढे कायम ठेवली. अर्जाच्या तारखेला अशी नोंद असेल त्याला पैशाच्या कामावर घेत नाहीत.

तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा शेठ हसलेच. असं कुठे असतं का, म्हणाले, बोलणी करायची रीत असते, तुम्हा शिकलेल्यांना ती जमत नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते तिच्याबरोबर निघाले. तिने किती नको म्हटलं, पण ऐकतील तर ते शेठ कसले!

बाईंनी पुन्हा सगळं तेच सांगितलं. शेठनी खिशातून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. दुकानातला उरलासुरला माल सकाळीच फुंकून आले होते, येईल त्या भावाला. घरात कुणाला पत्ता नव्हता.

"मॅडम, राहिलेले सगळे घ्या. वर व्याज सांगाल ते देतो. मी एक शब्द बोलणार नाही."

"काका, आज भरलेत तरी अर्जाच्या दिवशीची नोंद तीच राहते. माझ्या हातात काही नाही हो."

"मग माझं नाव घाला तिथे. मिटवलं मी. हिला काय ठाऊक होतं?"

"सही त्यांची आहे, काका."

बाईंनी पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर लेकीची सही होती, शेठ तिच्याकडे बघत राहिले. लेकीनेच ते पुडकं उचलून त्यांच्या खिशात घातलं आणि दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

बसथांब्यावर बाकावर बसल्यावर तिनेच समजूत काढायला घेतली. जुन्या कचेरीत विचारून बघते, दुसऱ्या कामांच्याही परीक्षा असतात, आईला आपण हळूहळू सांगू. ती बोलतच सुटली होती, कारण थांबली असती तर रडली असती. दोन बस आल्या नि गेल्या.

"रागाव ना माझ्यावर," शेठ म्हणाले. "काहीतरी बोल मला."

तिला रागावायचं होतं, खरंच होतं. पण तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, बापाच्याच खांद्यावर डोकं टेकून ती रडली, कारण रडायला तिला दुसरी जागा माहीत नव्हती.