देणंघेणं नसलेला पर्याय

लिफ्टचं दार मिटताच यान टीचरनी कोटाच्या खिशातून चुरगळलेला एप्रन काढून गळ्यात अडकवला आणि मागची नाडी एका हातानेच कशीबशी बांधली. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती. वर सेलरीची जुडी, तिच्याखाली पांढरे मुळे, आणि तळाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले इंग्रजीच्या सरावाचे कागद. मधल्याच एका मजल्यावर एक आजोबा आत शिरले.

"काय मावशी, रविवारीसुद्धा सुट्टी नाही?"

"पोटाला कुठला आलाय रविवार, आजोबा?"

आजोबा खूश होऊन हसले. असलं बोलणं यान टीचरना आता सहज जमायचं, आणि ते जमतं याचाच त्यांना राग यायचा.

चीनमध्ये खाजगी शिकवण्यांवर सरकारी बंदी येण्याआधी शियांगयांग शहरातल्या हमरस्त्यावरच्या एका क्लासमध्ये त्या कानाला मायक्रोफोन लावून शिकवत. बंदी आली, क्लास उठला, आता तिथे उकळत्या रश्श्यात मांस-भाज्या बुडवून खायचं, हॉटपॉटचं हॉटेल चालतं. परीक्षा मात्र उठली नाही. त्यामुळे शहरातल्या कितीतरी घरांत हल्ली अशा कामवाल्या येतात, ज्यांना फरशी पुसायला सांगितलं तर पंचाईत व्हावी. पकडलं गेलं तर दंड होतोच, वर नाव काळ्या यादीत चढतं, आणि मग कुठलीही शाळा दारात उभं करत नाही. यान टीचरच्या घरी लकवा मारलेली आई होती. तिच्याजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईचा पगार या एका घरातून निघायचा.

फूताईंनी दार किलकिलं करून त्यांना आत ओढलंच.

"कुणी पाहिलं नाही ना? मासा सिंकमध्ये ठेवलाय हं. बेल वाजली की सुरी हातात घ्यायची."

"माहितेय, फूताई."

"तुम्हाला माहितेय हो, पण माझाच जीव थाऱ्यावर नसतो. जूनमध्ये परीक्षा. वर्गातली निम्मी पोरं वरच्या शाळेत जाणार, निम्मी धंदेशिक्षणाला. आमची शुयाओ तिकडे गेली ना, तर मी दुकानात तोंड दाखवणार नाही."

फूताईंचं नळ आणि फरश्यांचं दुकान होतं. नवरा बाहेरगावी बांधकामांवर. धंदेशिक्षणाच्या शाळेबद्दल त्या अशा बोलत, जणू तिथे पोरांना बेड्याच घालतात.

शुयाओ टेबलाशी बसलेली होती. टेबलाखाली विजेची शेगडी, वरून जमिनीपर्यंत लोंबणारी जाड दुलई. पाय त्या दुलईत घालून बसायचं. घरात एवढीच जागा उबदार होती, म्हणून अभ्यास इथेच व्हायचा. पोरगी चौदा वर्षांची, हुशार, कमी बोलणारी. तिच्या डाव्या भुवईचे केस जवळजवळ गेले होते आणि तिथे पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. थंडीच्या सुरुवातीला ती भुवई अर्धी होती. एकेक केस ओढून उपटायची तिची सवय यान टीचरनी पाहिली होती. विचारलं काहीच नव्हतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

आधी व्याकरण झालं. काल घडलेलं, रोज घडतं ते, घडायचं राहिलेलं. रिकाम्या जागी क्रियापदाचं योग्य रूप. शुयाओ भराभर भरत गेली. तिचं पेन थांबतच नव्हतं, पण डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"आता उतारा. आधी काय करायचं?"

"आधी प्रश्न वाचायचे. उतारा नंतर."

"आणि?"

"विचारलंय तेवढंच सांगायचं. स्वतःला काय वाटतं ते मनात ठेवायचं."

उतारा एका प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीचा होता. तिची जोडीदारीण मेल्यापासून ती भिंतीला कपाळ घासत उभी राहायची. रखवालदार रोज येई, चारा तोलून टाकी, फरशी धुई आणि वहीत लिही, खाल्लं, तब्येत ठीक. शेवटचा प्रश्न होता, रखवालदाराला हत्तिणीबद्दल काय वाटतं? माया, काळजी, राग, की काहीच देणंघेणं नाही?

असल्या प्रश्नांची एक युक्ती यान टीचरनी तिला मागच्या वर्षीच शिकवली होती. देणंघेणं नाही, हा पर्याय दिसला की डोळे झाकून खोडायचा. पेपर काढणारे तो नुसता भरतीला घालतात. ज्याला देणंघेणंच नाही, तो मुळात लिहायला बसेल कशाला? तेव्हा शुयाओ खो खो हसली होती. तिचं हसणं त्यांनी त्या एकदाच ऐकलं होतं.

शुयाओने उतारा संपवला आणि पेन उचललं. तेवढ्यात बेल वाजली.

फूताईंनी दाराच्या छिद्राला डोळा लावला आणि पाठीमागे हाताचा पंजा नुसता हलवला. शुयाओने कागद दुलईखाली सरकवले. यान टीचर स्वयंपाकघरात पोचल्या, बाह्या वर केल्या, आणि दार उघडलं तेव्हा त्या माशाचे खवले काढत होत्या.

दारात शिक्षण खात्याचा माणूस होता, छातीशी मोबाइल धरून, चित्रण चालू. त्याच्याबरोबर वस्ती समितीच्या वेन काकू, लाल पट्टी दंडाला.

"तक्रार आलीय," तो माणूस म्हणाला. "रविवारी दुपारी इथे इंग्रजीची शिकवणी चालते म्हणे."

"कोण म्हणतं?" फूताईंचा आवाज चढला. "वरच्या मजल्यावरची असणार! तिच्या दिवट्याला मार्क पडत नाहीत, म्हणून आमच्यावर जळते. या ना, बघा सगळं घर. अहो मावशी! अजून तो एकच मासा चाललाय का? फुकटचा पगार खायला लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

मावशी म्हणून ओरडायचं, एवढं ठरलेलं होतं. शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. यान टीचरच्या हातातून सुरी निसटली आणि अंगठ्याला लागली.

तो माणूस स्वयंपाकघराच्या दारात आला.

"शिक्षण किती?"

"आठवी, साहेब."

"गाव?"

"डोंगरातलं. नानझांगच्या पुढे."

त्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. खवले चिकटलेले, रक्त येत असलेले हात. मग तो वळला आणि टेबलापाशी जाऊन थोडा वाकला.

"घाबरू नकोस, बाळ. खरं सांग. ही बाई कोण?"

यान टीचरनी नळ बंद केला नाही. सगळं आता त्या पोरीच्या एका शब्दावर होतं. शुयाओने आईकडे पाहिलंच नाही. तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, त्या सिंकमधल्या लाल पाण्याकडे, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मावशी," ती म्हणाली. "आमच्याकडे काम करतात."

"इंग्रजी शिकवतात?"

"मावशींना कुठलं येणार इंग्रजी?"

फूताई त्या माणसाला आतल्या खोल्या दाखवायला घेऊन गेल्या. कपाटं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. वेन काकू तेवढ्यात स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

"तक्रारीचा फोन समितीत मीच उचलला होता," त्या हळूच म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरचं कुणी नव्हतं. मुलीचा आवाज होता. रडत होती. म्हणाली, डोळे मिटले तरी मला पर्यायच दिसतात, झोप येत नाही, त्या टीचरना येऊ नका म्हणावं. स्वतःचं नाव नाही सांगितलं, टीचरचंही नाही. घराचा नंबर तेवढा सांगितला."

यान टीचरच्या हातातला मासा हातातच राहिला.

"तुम्ही टीचर असतात ना, तर आत्ता साहेबांना हाक मारली असती मी. पण तुम्ही पडलात मावशी. म्हणून मावशीला सांगते. पोरीच्या आईला कसं सांगायचं ते तुम्ही बघा. मी सांगितलं तर ती पोरीची चामडी लोळवेल. तुमचं ऐकेल. तुम्हाला मानते ती, मघाशी कितीही ओरडली तरी."

एवढं बोलून वेन काकूंनी नळ बंद केला आणि मोठ्याने म्हटलं, "मासा ताजा आहे हो! कुठून आणला?"

ते दोघे गेले. फूताई दाराला पाठ टेकून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडूच आलं.

"बाई गं! गेला होता जीव माझा. यान टीचर, मघाचं मनावर घेऊ नका हं, तोंडाला येईल ते बोलले मी."

"छे, छे. मनावर काय घ्यायचं."

"आणि आमचं ध्यान बघितलंत? काय चोख उत्तर दिलं! हे सगळं तुमचंच शिकवणं."

यान टीचर टेबलापाशी आल्या. त्यांच्या जागेवर कुणीतरी जखमेवर लावायची चिकटपट्टी ठेवली होती, वरचा कागद अर्धा सोलून. शुयाओ मान खाली घालून दुलईतले कागद बाहेर काढत होती. पोरीने दोनदा आपलं नाव वाचवलं, असं यान टीचरच्या मनात आलं: फोनवर सांगितलं नाही, आणि आत्ताही नाही. सांगू या, त्यांनी ठरवलं. फोनचं नाही, पण पोरीची भुवई बघा, एवढं तरी सांगू या.

"मी काय म्हणते," फूताई डोळे पुसत जवळ आल्या. "एकदा येऊन गेले म्हणजे आता जूनपर्यंत इकडे फिरकणार नाहीत. हीच संधी आहे. शनिवारीही या. आणि बुधवारी संध्याकाळीही. पैशांची काळजी करू नका, वाढवून देते."

शुयाओचा हात कागदांवर थांबला. तिने मान वर केली.

यान टीचरनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं: फूताई, पोरीला जरा विश्रांती द्या. साधं वाक्य. पण आईजवळ बसणाऱ्या बाईने गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, पगार वाढवा, नाहीतर मला दुसरं घर तयार आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत वाटली. पण लाज वाटून आईची कूस बदलायला कोण येणार होतं?

"बुधवारी किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

"सातला या! जेवूनच जा." फूताईंनी उड्या मारायचंच बाकी होतं. "थांबा, आज हा मासाच करते. तुम्हीच साफ केलाय, तुम्हीच खायचा."

त्या आत गेल्या. यान टीचरनी पाय दुलईत घातले. शेगडी चालू होती, तरी पाय गार पडले होते. अंगठ्याला पट्टी लावताना त्यांना जाणवलं की शुयाओ आपल्याकडे बघते आहे. त्यांनी कागद सरळ केला.

"शेवटचा प्रश्न राहिला होता. रखवालदाराला हत्तिणीबद्दल काय वाटतं?"

शुयाओने उताऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देणंघेणं नाही."

"काय, शुयाओ?" यान टीचरचा आवाज थोडा चिरकला. "ते उत्तर कधीच नसतं. किती वेळा सांगितलंय तुला?"

"हो टीचर," पोरगी शांतपणे म्हणाली. "पेपरात नसतं."

आत कढईत मासा पडला आणि तेल चरचरलं. यान टीचरनी लाल पेनने 'काळजी' या पर्यायापुढे खूण केली, हत्तिणीचं पान पालथं घातलं आणि पुढचा उतारा वर घेतला.

"घड्याळात वेळ लाव," त्या म्हणाल्या.

शुयाओने वेळ लावली.